चोवीस गुरू आणि एक टू बीएचके

देवाची ओळख करून देण्याचं काम मराठी घरात पूर्वी वाटून दिलेलं असे. आजीकडे गोष्टी, आईकडे सणवार आणि शुभंकरोति, आजोबांकडे पोथी, आणि वडिलांकडे फक्त ‘पाया पड’ एवढं म्हणून पाठीत हलकासा दणका देणं. या खात्यात वडिलांची पात्रता एवढीच मानली जायची आणि ते योग्यच होतं. पुढे आजोबा गावीच राहिले, आजीला मालिका मिळाल्या, आई नोकरीला लागली आणि खातं रिकामं पडलं. मग सरकारी रीतीप्रमाणे त्याचा अतिरिक्त कार्यभार घरात जो सर्वांत रिकामा दिसला त्याच्याकडे आला. आमच्या घरात तो मी.

निमित्त झालं आईच्या मोतीबिंदूचं. तिच्या चातुर्मासाच्या नेमात एकनाथी भागवत असतं. आषाढीला पोथी उघडायची आणि कार्तिकी पौर्णिमेला समाप्ती करायची. यंदा शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद सांगितलं. “मग तू वाच, मी ऐकते,” आई म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर ती आई कसली? “आणि मुलांनाही बसव. देव म्हणजे गणपतीची सुट्टी, याच्यापलीकडे त्यांना काही माहीत नाही.” बायकोनं आतून मंजुरी दिली, “वाचा की, फक्त कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचा.”

मी पोथी चाळली आणि मला चक्क हुरूप आला. एकनाथ महाराजांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर ही टीका लिहिली. सुरुवात पैठणात, समाप्ती काशीत, साल १५७३. अध्याय एकतीस, ओव्या अठरा हजारांहून जास्त. असले आकडे मुलांना सांगायचे नसतात, हे मला दहावीच्या अभ्यासक्रमावरून कळलेलं होतं. पण सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत जे प्रकरण आहे ते वाचून वाटलं की, हे तर आयतं मिळालं. यदु राजाला एक अवधूत भेटतो. तब्येत उत्तम, चेहरा आनंदी, कामधंदा काही नाही. राजाला प्रश्न पडतो की, बाबा रे, तुला हे जमतं कसं? अवधूत म्हणतो, मला चोवीस गुरू आहेत. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य, कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढणारा, हरिण, मासा, पिंगला नावाची वेश्या, कुरर पक्षी, लहान मूल, एक कुमारिका, बाण करणारा कारागीर, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. यातल्या एकाकडेही बी.एड. नाही, एकाचाही क्लास नाही, आणि फी तर नाहीच. सृष्टी बघायची, तिच्यातून देव कळतो, आणि कसं बघायचं ते पोथी सांगते. रात्री पोथी, दिवसा सृष्टी, असा बेत मी जाहीर केला.

या क्षेत्रात मराठी पालकाला एक जुनी धास्ती आहे, ती म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिलं आणि पुढच्या सगळ्या आयांना कायमचं अडचणीत आणलं. ‘मुकी फुले’ या प्रकरणात श्याम कळ्या तोडून आणतो आणि त्या माउलीला कळीतून केवढं तरी सांगता येतं. तिला पालगड होतं, नदी होती, झाडं होती. आम्हाला डोंबिवली आहे आणि सोसायटीच्या आवारात एक पाटी आहे, ‘फुले तोडू नयेत’. जे सांगायला तिकडे एक अख्खी रात्र गेली, ते आमच्या सेक्रेटरींनी पत्र्यावर तीन शब्दांत उरकलेलं आहे.

पहिले सात गुरू आम्ही भराभर उरकले. पृथ्वीकडून क्षमा शिकायची, पण ती पेव्हर ब्लॉकखाली. आकाश दोन टॉवरांच्या मधे, आणि त्यातही आषाढात ते एकच उपदेश करतं, छत्री घे. पाण्याचा गुण निर्मळपणा, असं मी वाचत असताना खाली टँकर आला आणि धाकटा म्हणाला, “बाबा, गुरू आले, व्हॉल्व्ह उघडायला कोण जातंय?” वाऱ्याचा गुण असा की तो सुगंधातून जातो, दुर्गंधीतून जातो, पण कशाला चिकटत नाही. आमच्या खाडीच्या बाजूनं येणारा वारा या बाबतीत कच्चा शिष्य निघाला. तो जिथून येतो तिथलं सगळं घेऊन येतो.

खरी रंगत आठव्या गुरूंपासून आली, कारण ते घरातच होते.

कबुतराची कथा अशी. रानात एक कबुतरांचं जोडपं. संसारात बुडालेलं. पिल्लं झाली, दोघं त्यांच्यासाठी चारा आणायला गेली, मागे पारध्यानं जाळं टाकलं, पिल्लं अडकली. ते बघून आईनं जाळ्यात उडी घेतली, आणि तिच्या मागून बापानंही. तात्पर्य, अति आसक्ती बरी नव्हे. नाथांनी हा प्रसंग इतक्या मायेनं रंगवलाय की तात्पर्यापर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा पक्का कबुतरांच्या बाजूचा होतो. आईनं डोळ्याला पदर लावला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायला मनाई केली होती, म्हणून थोरलीनं तो पदर काढला.

आता प्रात्यक्षिक. आमच्या बाथरूमच्या डक्टमध्ये एसीच्या बाहेरच्या डब्यामागे एक जोडपं राहतं. त्यांचं घरटं म्हणजे चार काड्या, केबलचा तुकडा आणि झाडूचे दोन हीर. त्यावर दोन अंडी. बांधकामाची ही पद्धत आमच्या बिल्डरनं यांच्याकडूनच उचललेली असावी. मुंबईत कबुतर हा आता अध्यात्माचा कमी आणि कायद्याचा विषय जास्त झालाय. २०२५ च्या पावसाळ्यात महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, त्यावरून आंदोलनं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात होतंच. एका बाजूला जीवदया, दुसऱ्या बाजूला विष्ठेमुळे होणारे फुप्फुसाचे आजार. आमच्या इमारतीतही दोन पक्ष आहेत. दाणे टाकणारे वरच्या मजल्यावर राहतात आणि विष्ठा उचलणारे खालच्या. सृष्टीची हीच वाटणी सगळीकडे दिसते.

“पण बाबा,” धाकटा खिडकीशी उभा राहून म्हणाला, “पोथीत कबुतरं जाळ्यात असतात. इथे तर जाळी आपल्याला लावलीय.” बघितलं तर खरंच. साऱ्या इमारतीला हिरवट नायलॉनची कबुतरजाळी. आत माणसं, बायको-पोरं, फ्रिज, गृहकर्ज. बाहेर कबुतरं, मोकळी, आणि मान तिरकी करून आत बघणारी. त्यांच्यातला एखादा अवधूत रोज रात्री आपल्या पिल्लांना आमची गोष्ट सांगत असणार.

थोरली बारावीला आहे, बायोलॉजी घेतलंय. तिनं आणखी एक भर घातली. कबुतराची पिल्लं सुरुवातीला दाणे खात नाहीत. आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, तो पाजतात. “आणि आई, हे दूध नरालाही येतं. दोघंही पाजतात.” स्वयंपाकघरातून शिट्टी न होता नुसता आवाज आला, “ऐकताय ना?” नाथांनी कबुतराचा दोष म्हणून आसक्ती सांगितली. आमच्या घरात त्या दिवसापासून कबुतराचा गुण म्हणून दुसरंच काही सांगितलं जातं.

इथून पुढे ज्याला जो गुरू सोयीचा तो त्यानं पळवला. अजगर जागचा हलत नाही, जे तोंडापाशी येईल ते खातो, नाही आलं तर पडून राहतो. धाकट्यानं रविवारी सकाळी पांघरुणातून नुसता हात बाहेर काढून सांगितलं, “गुरू नंबर नऊ.” नाश्ताही तिथेच मागितला. साप स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्याच्या बिळात सुखानं राहतो. हे मी वाचलं आणि पुढचं वाचवेना, कारण त्याच दुपारी बँकेचा हप्ता कापला गेल्याचा मेसेज आला होता. वीस वर्षांच्या मुदतीनं बीळ घेणाऱ्यानं सापाबद्दल मुलांना काय सांगायचं? माशाचा दाखला जिभेवरच्या ताब्याचा. गळाला लावलेल्या आमिषाला भुलून मासा जीव गमावतो, म्हणून ज्यानं जीभ जिंकली त्यानं सगळं जिंकलं. हा अध्याय आला श्रावणात. आम्ही अलिबागकडचे. सोळाव्या गुरूंना तळून, आमटीत आणि कालवणात, अशा तिन्ही स्वरूपांत ओळखणारं आमचं घराणं. मी ओव्या वाचत होतो आणि माझ्यासकट सगळे शिष्य श्रावण संपायला किती दिवस राहिले ते मनात मोजत होते. आमिषाला भुलू नये हे शिकवायला मासा हा गुरू म्हणून योग्य असेल, पण आमच्यासाठी तोच आमिष आहे, याची सोय पोथीत केलेली नाही.

सगळ्यात अवघड गेली ती कुमारिका. तिला बघायला पाहुणे आलेत, घरचे बाहेर गेलेत. घरात तांदूळ नाहीत, म्हणून ती आत भात कांडायला बसते. हातातल्या बांगड्या वाजतात. आवाजावरून पाहुण्यांना कळेल की या घरात कांडायलाही माणूस नाही, म्हणून ती एकेक बांगडी उतरवते. दोन उरल्या तरी वाजतात. शेवटी हातात एकेकच ठेवते आणि आवाज थांबतो. अवधूत यातून शिकला की, पुष्कळ जण एकत्र आले की भांडण होतं, दोघं असले तरी गप्पा होतात, म्हणून एकटं राहावं. वाचून झाल्यावर घरात थोडी शांतता पसरली. मग बायको म्हणाली, “म्हणजे पोथीचं म्हणणं असं की, एकटं राहावं. आणि हे तुम्ही चौघांना एकत्र बसवून सांगताय.” थोरली म्हणाली, “आणि पाहुणे बघायला आलेत, तर कांडायचं तिनंच का?” आई म्हणाली, “आणि बांगड्या उतरवू नयेत गं, अशुभ असतं.” तीन पिढ्यांच्या बायकांनी एका कुमारिकेचे तीन तुकडे केले. अवधूत दाराबाहेरच उभा राहिला.

या सगळ्यात मला एक समदुःखी मिळाला, तो गच्चीवर. आमच्या वरच्या मजल्यावर मूळचं नगरचं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहतं. काका बँकेतून निवृत्त. संध्याकाळी नातवाला घेऊन टाकीची पातळी बघायला येतात आणि त्या निमित्तानं त्याला स्तोत्रसंहिता शिकवतात. त्यांच्याकडेही हाच कार्यक्रम. एकोणिसाव्या स्तोत्राचा पहिला अर्धा भाग आकाश देवाचं वैभव कसं सांगतं याचा, आणि दुसरा अर्धा देवाच्या नियमशास्त्राचा. म्हणजे आधी गच्ची, मग पुस्तक. रेव्हरंड ना. वा. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात, ते काकांच्या अभिमानाचं माणूस. “फूल आणि मूल, दोन्ही समोर ठेवून देव सांगणारा माणूस आमच्या नगरला होऊन गेला,” काका म्हणाले. मग नातवाकडे बघून, “तेव्हा मुलं ऐकत असावीत.”

त्यांच्याकडून एक मजेची गोष्ट कळली. १५६१ साली नेदरलँड्समध्ये गिदो द ब्रे नावाच्या पाळकानं फ्रेंच भाषेत एक विश्वासांगीकार लिहिला. त्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटलंय की, देव दोन प्रकारे कळतो. एक सृष्टीतून, जी एक सुंदर पुस्तक आहे आणि लहानमोठे सगळे प्राणी तिच्यातली अक्षरं आहेत. दुसरा, अधिक स्पष्टपणे, पवित्र शास्त्रातून. सहा वर्षांनी, १५६७ मध्ये, त्या पाळकाला फाशी दिली. नाथांचं भागवत पुरं झालं ते १५७३ मध्ये. म्हणजे जवळपास एकाच काळात, एकमेकांचं नावही न ऐकलेले दोन संसारी गृहस्थ हाच धडा लिहीत होते. तिकडे सृष्टी हे पाठ्यपुस्तक, इकडे सृष्टी ही शिक्षकांची खोली. आणि दोघांनाही त्रास झाला तो माणसांकडून, प्राण्यांकडून नाही. काशीच्या पंडितांनी मराठीतल्या भागवताला हरकत घेतली आणि नंतर त्याच ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक निघाली, अशी आख्यायिका आहे. तिकडच्या पाळकाच्या नशिबी हत्ती नव्हता.

काकांची अडचण मात्र वेगळीच होती. त्यांच्या नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आळशी माणसाला सांगितलंय की, जा, मुंगीकडे बघ, ती उन्हाळ्यात अन्न साठवून ठेवते. नातवाला त्यांनी जिन्यातली मुंग्यांची रांग दाखवली. पुढच्या आठवड्यात मत्तयाचं शुभवर्तमान आलं. त्याच्याही सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतात, आकाशातली पाखरं बघा, ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो. नातवानं दोन दिवस विचार केला आणि विचारलं, “आजोबा, मुंगी व्हायचं की पाखरू?”

“मग काय सांगितलंत?”

“सांगितलं, आधी होमवर्क कर.”

मी म्हटलं, “आमच्याकडे निकाल पाखरांच्या बाजूनं आहे. मधमाशी साठवते, म्हणून मधासकट मारली जाते. संन्याशानं उद्यासाठी काही ठेवू नये.”

काकांनी टाकीचं झाकण लावलं. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. म्हणाले, “हे बघा, दोन्ही शास्त्रांचा मान राखायचा असेल तर एकच मार्ग. मुंगीच्या नावानं पीपीएफ उघडायचं आणि पाखराच्या नावानं प्रार्थना करायची.” इतका सुटसुटीत समन्वय काशीच्या पंडितांनाही सुचला नसता.

गणपती झाले, पितृपक्ष झाला, आणि आम्ही शेवटच्या दोन गुरूंपाशी आलो. तेविसावा कोळी. तो आपल्याच पोटातून धागा काढतो, जाळं विणतो, त्यात खेळतो आणि शेवटी ते गिळून टाकतो. तसाच ईश्वर स्वतःमधून विश्व काढतो आणि स्वतःतच मिटवतो. चोविसावी कुंभारीण माशी. ती एका किड्याला मातीच्या घरात कोंडते. तो किडा भीतीनं तिचंच ध्यान करत राहतो आणि ध्यान करता करता तिच्याच रूपाचा होऊन बाहेर पडतो. तसा जीव देवाचं ध्यान करून देवच होतो. पोथीतला हा दाखला मला फार आवडायचा. हे दोन्ही गुरू घरी हजरही होते. कोळी पडद्याच्या दांडीवर आणि कुंभारणीचं घर वॉशिंग मशीनच्या मागे, भिंतीवर. करंगळीएवढ्या मातीच्या नळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, वरून लिंपलेल्या. बायको दसऱ्याच्या साफसफाईला झाडू घेऊन आलीच होती.

“थांब आई,” धाकटा म्हणाला, “आत किडा ध्यान करतोय. बघू या.”

त्यानं जुन्या स्केलच्या कडेनं एका नळीचं तोंड अलगद खरवडलं. माती कोरडी होती, भुगा होऊन पडली. टॉर्च मारला. आत कोळी होते. एक नाही, आठ-दहा, वेगवेगळ्या आकाराचे, पाय पोटाशी घेऊन एकावर एक नीट रचलेले. मधोमध एक पिवळट, गुबगुबीत अळी, आणि तिचं तोंड एका कोळ्याच्या पोटाला लागलेलं. थोरलीनं पेन्सिलीच्या टोकानं वरच्या कोळ्याला स्पर्श केला, तर त्याचा एक पाय हलला. ते मेलेले नव्हते. कुंभारीण त्यांना नांगी मारून लुळं करते, जिवंत ठेवते म्हणजे मांस सडत नाही, त्यांच्यावर अंडं घालून दार लिंपते. अळी त्यांना खात मोठी होते आणि पंख फुटले की भिंत फोडून बाहेर येते. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की, आत किडा गेला आणि बाहेर माशी आली.

तेविसावे गुरू चोविसाव्या गुरूंच्या कोठारात निघाले होते. विश्व निर्माण करून परत गिळणारे, तेच डझनावारी.

“ध्यान नाहीये बाबा,” धाकटा म्हणाला, “भूल दिलीय.”

हा धक्का खाणारे आम्ही पहिले नाही, एवढंच समाधान. चार्ल्स डार्विननं १८६० साली एसा ग्रे या श्रद्धाळू अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पत्र लिहिलं. त्यात याच जातकुळीतल्या, जिवंत अळीला आतून खाणाऱ्या माशीचं नाव घेऊन तो म्हणतो की, दयाळू आणि सर्वशक्तिमान देवानं हे मुद्दाम योजलं असेल हे मला काही पटत नाही. डार्विनला उत्तर द्यायला तिकडे ग्रे होता. माझ्याकडे वॉशिंग मशीन होतं, ते मी थोडं पुढे ओढलं आणि मागे काहीतरी शोधल्यासारखं केलं.

धाकट्यानं प्रश्न आईकडे नेला. आजी, कोळ्याला दुखतं का? आणि देवाला हे चालतं का?

आईनं काळा चष्मा काढला. “मला काय विचारतोस? पन्नास वर्षं ही पोथी वाचतेय. दर चातुर्मासात हा प्रश्न मलाही पडतो.”

“मग पोथीत चुकीचं लिहिलंय?”

“पोथी माशीबद्दल नाहीच रे. पोथी तुझ्याबद्दल आहे. ज्याचा ध्यास घेशील तसा होशील, एवढं तिला सांगायचंय. तू दिवसभर त्या मोबाइलचं ध्यान करतोस. बघ, हल्ली हाक मारली तर तुलाही रेंज नसते.” मग थोडं थांबून म्हणाली, “माशीबद्दल विचारायचं तर माशीलाच विचारावं लागणार. पोथीत सगळं मावलं असतं तर देवानं एवढं जग कशाला करून ठेवलं असतं?”

“आणि जगात सगळं दिसत असतं तर?”

“तर नाथांनी अठरा हजार ओव्या कशाला लिहिल्या असत्या? त्यांना काय दुसरी कामं नव्हती?”

गिदो द ब्रेच्या दुसऱ्या कलमाचा याहून सोपा अनुवाद मी ऐकलेला नाही. देवाला हे चालतं का, याचं उत्तर मात्र तिनं दिलं नाही. देण्याचा आवही आणला नाही. आणि गंमत म्हणजे, त्यामुळे धाकट्याचा पोथीवरचा विश्वास कमी होण्याऐवजी वाढला. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला पोथीला त्याला बोलवावं लागलं नाही. “पुढे कुठलं जनावर आहे?” एवढंच त्यानं विचारलं. जनावर नव्हतं. चोवीस संपल्यावर अवधूत स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतो. आईनं गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हा मात्र मला रोज भेटतो. आणि पावसाळ्यात याचा तास जास्त वेळ चालतो.”

या भानगडीत मला अवधूताच्या गोष्टीतली एक बारीक जागा दिसली, जी पालकांच्या नजरेतून हमखास निसटते. अवधूतानं कुठेही वर्ग घेतलेला नाही. तो आपल्या वाटेनं चाललेला होता. राजाला आश्चर्य वाटलं, राजानं विचारलं, तेव्हा तो बोलला. आणि त्याला स्वतःला कुणी शिकवलं? कबुतरानं त्याला बोलावून उपदेश केला नाही, अजगरानं तर नक्कीच नाही. त्यानं बघितलं आणि आपले गुरू आपणच नेमले. आम्ही पालक दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतो. उत्तर आधी, तेही रोज रात्री साडेआठला, आणि त्याला साजेसा प्रश्न पडण्याची जबाबदारी मुलांवर. देवाची ओळख ही अशी हजेरी घेऊन होत नाही. पोथी वाचत राहावी, खिडकी उघडी ठेवावी, कबुतरांचं काय ते ज्यानं त्यानं बघावं, आणि कुणी स्केलनं भिंत खरवडायला निघालं तर टॉर्च धरावा. एवढं काम वडिलांना जमण्यासारखं आहे.

बायकोनं कुंभारणीच्या उरलेल्या नळ्यांना दिवाळीपर्यंत मुदतवाढ दिली. कारण आध्यात्मिक नव्हतं. “मधे एवढं कळलंच आहे, तर शेवट बघितल्याशिवाय कसा टाकायचा?” मालिका बघणाऱ्या माणसाला सृष्टीचा हा नियम बरोबर समजतो. थोरलीनं जर्नलमध्ये आकृती काढली. वरच्या काकांचा नातू येऊन बघून गेला आणि मुंगी की पाखरू, यात आता तिसरा पर्याय आहे का, असं विचारून आजोबांची झोप उडवून गेला.

पोथी सांगते की, सगळं ऐकून यदु राजानं अवधूताची पूजा केली आणि त्याची सगळ्या संगातून सुटका झाली. आमच्याकडे कार्तिकी पौर्णिमेला समाप्ती झाली, आरती झाली, पेढे वाटले. संग कुणाचाही सुटला नाही, बँकेनंही सोडलं नाही. आईचा नेम संपला, डोळाही उघडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पिशवी देऊन सोळाव्या गुरूंना आणायला बाजारात पाठवलं. दारातून बजावलं, “कोळीण म्हणेल ताजी आहे. ऐकू नकोस. कल्ले उचकटून लाल आहेत का ते स्वतः बघ. ते पोथीत लिहिलेलं नाही.”